वाटेवरची चित्रे : डॅनियल काका-पुतण्यांचा भारतप्रवास

जुन्या गावांचा इतिहास बखरींतून, दप्तरांतून आणि शिलालेखांतून कळतो. गावात कोणाची सत्ता होती, कोणाला इनाम मिळाले, कोणत्या वर्षी दुष्काळ पडला, हे कागदपत्रे सांगतात. परंतु नदीच्या घाटाला किती पायऱ्या होत्या, देवळाच्या शिखरावर झुडपे वाढली होती की त्याची डागडुजी झाली होती, वेशीबाहेर रस्ता कोणत्या बाजूला वळत होता, हे कागदपत्रांत क्वचितच आढळते. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वीच्या काळाबाबत ही उणीव विशेष जाणवते. अशा वेळी त्या स्थळी प्रत्यक्ष बसून काढलेले एखादे चित्र इतिहासाचा महत्त्वाचा पुरावा ठरते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस भारतातील शहरे, लहान गावे, तीर्थक्षेत्रे आणि डोंगरी किल्ले यांची अशी शेकडो चित्रे दोन इंग्रज चित्रकारांनी काढली. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम डॅनियल ही त्यांची नावे. त्यांनी ही चित्रे कशी काढली, त्यांतून आज काय कळते आणि त्यांवर किती विसंबावे, याचा विचार महाराष्ट्रातील जुन्या गावांच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे.

रथ रंगविणारा चित्रकार

थॉमस डॅनियल याचा जन्म १७४९ मध्ये लंडनजवळच्या किंग्स्टन येथे झाला. त्याचे वडील खाणावळ व उतारूगृह चालवीत. थॉमसने प्रथम घोडागाड्या रंगविण्याच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि नंतर लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतले. निसर्गदृश्ये रंगविण्यात तो निष्णात होता. पण इंग्लंडमध्ये त्याला पुरेसे काम मिळेना. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी घेऊन १७८५ मध्ये तो पूर्वेकडे निघाला. सोबत मदतनीस म्हणून पितृछत्र हरपलेला पुतण्या विल्यम होता. विल्यम त्या वेळी अवघा सोळा वर्षांचा होता.

चीनमार्गे ते १७८६ मध्ये कोलकत्यास पोहोचले. तेथील रस्ते व इमारती यांची बारा चित्रे त्यांनी ताम्रपटावर कोरून छापली. हे काम सोपे नव्हते. अशा छपाईची साधने तेथे तयार मिळत नसल्याने थॉमसला चित्रकार, कोरक्या, तांबट आणि मुद्रक अशा सर्व भूमिका स्वतःच पार पाडाव्या लागल्या. स्थानिक कारागिरांना हाताशी धरून त्याने हा संच १७८८ मध्ये पूर्ण केला. त्याच्या विक्रीतून पुढील प्रवासाची तरतूद झाली.

गंगेच्या काठाने गढवालपर्यंत

१७८८ च्या पावसाळ्याच्या अखेरीस दोघे कोलकत्याहून नावेने गंगेच्या प्रवाहाविरुद्ध निघाले. नदीकाठची गावे, घाट, मशिदी आणि मकबरे यांची रेखाटने करीत ते उत्तरेकडे सरकत होते. पुढे आग्रा, मथुरा व दिल्ली हा मार्ग त्यांनी खुष्कीने आक्रमिला. तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. १७८८ च्या ऑगस्टमध्ये गुलाम कादिर याने दिल्लीत शाह आलम बादशहाचे डोळे काढले होते आणि ऑक्टोबरमध्ये महादजी शिंदे यांच्या फौजांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली होती. १७८९ च्या आरंभी डॅनियल या प्रदेशात आले तेव्हा महादजींची छावणी मथुरेत होती. अशा अस्थिर परिस्थितीतही त्यांनी आपले काम सोडले नाही.

दिल्लीहून ते हरद्वारकडे आणि कोटद्वारच्या खिंडीतून गढवालच्या डोंगरात शिरले. १७८९ च्या वसंतात त्यांनी अलकनंदेच्या काठी वसलेले श्रीनगर हे गढवालच्या राजांचे राजधानीचे गाव गाठले. नदीवर दोरखंडांचा झुलता पूल होता आणि शेजारच्या राज्याशी लढाई सुरू असल्याने लोक सामानसुमान घेऊन त्या पुलावरून पलीकडे जात होते. हे दृश्य त्यांनी टिपले. या चित्राचे मोल पुढच्या शतकात वाढले. १८९३ मध्ये दरड कोसळून बिरही नदीचा प्रवाह अडला आणि तेथे मोठा तलाव निर्माण झाला. १८९४ च्या ऑगस्टमध्ये तो फुटला. अभियंत्यांनी आधीच लक्ष ठेवून तारेने इशारे दिल्यामुळे जीवितहानी जवळजवळ टळली. मात्र जुने श्रीनगर गाव पुरात वाहून गेले. आजचे श्रीनगर त्यानंतर नव्याने वसविलेले आहे. जुन्या गावाचे रूप पाहावयाचे झाल्यास डॅनियलांच्या चित्रांकडेच वळावे लागते.

परतीच्या वाटेवर ते जौनपूर, चुनार, सासाराम, रोहतास अशा ठिकाणी थांबले. एकेकाळी वैभवात असलेली ही गावे तोपर्यंत राजकारणाच्या मुख्य प्रवाहातून बाजूला पडली होती. सासारामचा शेरशाहाचा मकबरा, जौनपूरची मशीद, चुनारचा कोरीव दरवाजा यांची त्यांनी काळजीपूर्वक रेखाटने केली. अलाहाबादच्या किल्ल्यात यमुनेच्या बाजूस ‘चालीस सतून’ म्हणजे चाळीस खांबांचा महाल होता. पुढे ब्रिटिश अमदानीत तो नष्ट झाला. त्याचे तपशीलवार रूप डॅनियलांच्या चित्रात राहिले आहे. १७९१ च्या अखेरीस दोघे कोलकत्यास परतले. प्रवासातील तैलचित्रांची त्यांनी सोडत काढली आणि त्या पैशांवर दक्षिणेची मोहीम आखली.

दक्षिणेतील गावे आणि डोंगरी किल्ले

१७९२ च्या मार्च महिन्यात टिपू सुलतान आणि इंग्रज, मराठे व निजाम यांच्यातील युद्ध श्रीरंगपट्टणच्या तहाने संपले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये डॅनियल मद्रासहून निघाले. पालख्या, भोई, घोडे, सामानाचे बैल आणि तंबू असा त्यांचा लवाजमा होता. युद्धामुळे ज्या डोंगरी किल्ल्यांची नावे इंग्लंडमधील वृत्तपत्रांत झळकली होती, त्या कृष्णगिरी, रायकोट्टई, होसूर या परिसरातून त्यांनी मार्ग काढला. या स्थळांच्या चित्रांना इंग्लंडमध्ये मागणी येईल, हा व्यावहारिक हिशेबही त्यामागे होता.

तेथून पुढे ते मदुराईस गेले. सतराव्या शतकात तिरुमल नायक याने बांधलेला राजवाडा तेव्हा भग्नावस्थेत होता. त्याच्या उंच कमानी आणि पडझड झालेले खांब त्यांनी चित्रित केले. पापनाशमचा धबधबा, तिरुचिरापल्लीचा खडकावरील किल्ला, महाबलीपुरमची शिल्पे हेही त्यांच्या संग्रहात आले.

मराठी वाचकाला तंजावरची चित्रे विशेष जवळची वाटतील. १७९२ मध्ये तंजावरच्या गादीवर भोसले घराण्यातील अमरसिंग राजे होते. चोळ सम्राट राजराज याने उभारलेले बृहदीश्वराचे उत्तुंग मंदिर आणि त्यासमोरचा भव्य नंदी यांची डॅनियलांनी चित्रे काढली. याच मंदिराच्या भिंतीवर पुढे १८०३ मध्ये सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा विस्तृत मराठी शिलालेख कोरविला. म्हणजे डॅनियलांनी पाहिलेले मंदिर हे त्या शिलालेखाच्या आधीचे आहे.

१७९३ च्या जानेवारीत ते मद्रासला परतले आणि तेथून समुद्रमार्गे मुंबईकडे निघाले.

रेखाटनाची पद्धत

डॅनियलांच्या चित्रांची विश्वसनीयता त्यांच्या पद्धतीत आहे. त्यांच्याजवळ ‘कॅमेरा ऑब्स्क्यूरा’ नावाचे साधन होते. आजच्या कॅमेऱ्याचे हे पूर्वरूप होय. मात्र त्यात फिल्म नसे. एका अंधाऱ्या पेटीला भिंग बसविलेले असे. समोरच्या दृश्याचा प्रकाश भिंगातून आत येई, आरशावरून परावर्तित होई आणि दृश्याची लहान प्रतिमा कागदावर उमटे. चित्रकार त्या प्रतिमेवरून पेन्सिल फिरवून बाह्यरेषा काढी. त्यामुळे खांबांतील अंतर, शिखराची उंची, पायऱ्यांची उतरण यांचे प्रमाण सहसा चुकत नसे.

बाह्यरेषा झाल्यावर छायाप्रकाश पातळ रंगाने भरला जाई. पूर्ण रंगीत चित्र अनेकदा मुक्कामावर किंवा पुढे इंग्लंडमध्ये तयार होई. विल्यमने प्रवासात रोजनिशी ठेवली होती. कोणत्या दिवशी कोठे पोहोचलो, काय पाहिले, काय रेखाटले, याच्या नोंदी तिच्यात असल्याने चित्रांचा काळ व स्थळ निश्चित करण्यास अभ्यासकांना मोठी मदत झाली आहे.

त्यांच्या आधी विल्यम हॉजेस हा चित्रकार १७८० ते १७८३ या काळात भारतात फिरला होता आणि त्याची चित्रे प्रसिद्ध झाली होती. डॅनियलांनी हॉजेसने काढलेल्या स्थळांना भेटी देऊन त्याची चित्रे प्रत्यक्षाशी ताडून पाहिली. हॉजेसने दृश्याचा भाव साधण्यासाठी बारकाव्यांकडे दुर्लक्ष केले, असे त्यांना आढळले. आपले काम त्याहून काटेकोर व्हावे, ही ईर्ष्या त्यामागे होती.

ताम्रपटापासून ग्रंथापर्यंत

१७९४ मध्ये इंग्लंडला परतल्यावर खरे श्रमाचे काम सुरू झाले. ‘अ‍ॅक्वाटिंट’ या पद्धतीने चित्रे छापावयाची होती. या पद्धतीत गुळगुळीत ताम्रपटावर राळेची बारीक भुकटी पसरतात आणि पत्रा तापवून ती चिकटवितात. नंतर पत्रा आम्लात बुडविला की राळेच्या कणांमधील उघडा भाग आम्ल खाते आणि सूक्ष्म खळगे तयार होतात. जेथे फिकट छटा हवी तेथे रोगण लावून आम्लाचे काम लवकर थांबवितात. जेथे गडद छटा हवी तेथे आम्ल अधिक वेळ राहू देतात. खळग्यांत शाई भरून कागदावर ठसा घेतला की जलरंगासारख्या मृदू छटा उमटतात. त्या ठशांवर मग हाताने रंग भरले जात.

या रीतीने १७९५ ते १८०८ या काळात ‘ओरिएंटल सीनरी’ या नावाने १४४ चित्रांचा संच सहा भागांत प्रसिद्ध झाला. सुमारे नऊ वर्षांच्या भटकंतीनंतर तेरा वर्षे छपाईत गेली. कोरीव कामाचा मोठा भार विल्यमने उचलला. या चित्रांवरून इंग्लंडमध्ये भारतीय धर्तीच्या काही इमारतीही उभ्या राहिल्या. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे भारतातील अनेक वास्तूंचे अठराव्या शतकातील रूप या संचात सुरक्षित राहिले. डॅनियलांच्या तैलचित्रांचा मोठा संग्रह कोलकत्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियल या संग्रहालयात आहे.

मुंबई, पुणे आणि वेरूळ

१७९३ च्या मार्चमध्ये डॅनियल मुंबईस आले. तेथे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्यांना भेटला. वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला होता आणि पुढे पुण्यात सवाई माधवराव पेशवे व नाना फडणवीस यांची चित्रे त्याने रंगविली होती. त्याच्याबरोबर डॅनियलांनी घारापुरीची आणि साष्टी बेटावरील लेणी पाहून रेखाटली. लेण्यांच्या अभ्यासाने वेल्स झपाटला होता. त्यापायीच त्याने प्रकृतीची हेळसांड केली आणि १७९५ मध्ये तापाने त्याचा अंत झाला.

वेल्सने मागे ठेवलेल्या रेखाटनांवरून थॉमसने दोन महत्त्वाची कामे पूर्ण केली. पहिले म्हणजे वेरूळच्या लेण्यांची चोवीस चित्रे. ती १८०३ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरे म्हणजे पेशव्यांच्या दरबाराचे भव्य तैलचित्र. १७९० मध्ये कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट याने टिपूविरुद्ध पेशव्यांशी तह केला, तो प्रसंग त्यात दाखविला आहे. ज्या युद्धाच्या वाटेने डॅनियल दक्षिणेत फिरले, त्याच युद्धासाठी झालेला हा तह होय. हे चित्र १८०५ मध्ये पूर्ण झाले आणि ते लंडनच्या टेट या कलासंग्रहात आहे.

थॉमस डॅनियल पुण्यास कधीच आला नव्हता. वेल्सही तहाच्या वेळी पुण्यात नव्हता. परंतु वेल्सने नंतर पुण्यात राहून माणसांचे चेहरे आणि दरबाराचे दालन प्रत्यक्ष पाहून रेखाटले होते. १८२८ मध्ये शनिवारवाड्यास भीषण आग लागली आणि आतील महाल भस्मसात झाले. आज तेथे तट, बुरूज, दरवाजे आणि जोती उरली आहेत. तो दरबार कसा दिसत असेल, याची कल्पना देणारी साधने फार थोडी आहेत आणि त्यांत या चित्राची गणना करावी लागते.

या संदर्भात आणखी एका नावाचा आदराने उल्लेख केला पाहिजे. गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार मॅलेट व वेल्स यांच्यासाठी काम करीत होता. त्याने वेरूळची लेणी स्थळावर जाऊन रेखाटली. पेशव्यांच्या संग्रहातील गेंड्यासारख्या प्राण्यांचीही चित्रे त्याने काढली. वेरूळच्या १८०३ च्या संचावर वेल्स आणि डॅनियल यांची नावे आहेत. गंगारामाचे नाव मात्र दीर्घकाळ अभ्यासकांपुरतेच राहिले. त्याची अनेक चित्रे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात जतन केलेली आहेत. परदेशी प्रवाशांच्या बरोबरीने येथील कलावंतही आपला परिसर नोंदवून ठेवीत होते, याची ही साक्ष आहे.

चित्रावर किती विसंबावे?

इतके असले तरी चित्र म्हणजे मोजमापाचा नकाशा नव्हे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये रम्य, काहीशा उजाड आणि भग्न दृश्यांची आवड होती. तिला अनुसरून डॅनियल पुढच्या बाजूस एखादा वृक्ष, विसावलेले प्रवासी किंवा जनावरे यांची योजना करीत. वास्तूचे प्रमाण अचूक असले तरी भोवतालची माणसे त्याच क्षणी तेथे होतीच, असे मानता येत नाही. बाजारपेठ, राहती घरे, कारागिरांची आळी यांपेक्षा मंदिरे, मकबरे व किल्ले यांनाच त्यांनी अधिक जागा दिली. सामान्य माणूस त्यांच्या चित्रांत बहुधा लांबवर आणि निनावी दिसतो.

शीर्षकेही तपासून घ्यावी लागतात. गावांची नावे कानावर पडली तशी लिहिलेली असल्याने ती ओळखणे काही वेळा कठीण जाते. ‘केप कोमोरिन’ म्हणजे कन्याकुमारी असे शीर्षक असलेले एक चित्र प्रत्यक्षात समुद्रापासून बरेच आत, कलक्काड गावाजवळून दिसणाऱ्या डोंगरांचे आहे. चित्रावर तशी नोंद असल्यामुळेच हा उलगडा होतो.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अंतोनियो मार्तिनेल्ली या इटालियन छायाचित्रकाराने डॅनियलांच्या मार्गाने पुन्हा प्रवास केला आणि त्याच जागांवरून छायाचित्रे घेतली. दोनशे वर्षांनंतर त्या जागा शोधता आल्या, हीच मूळ रेखाटनांच्या काटेकोरपणाची मोठी पावती होय. कोठे वास्तू तशीच आहे, कोठे ती वाढत्या वस्तीने वेढली आहे आणि कोठे ती उरलेलीच नाही, हे अशा तुलनेतून स्पष्ट होते.

आजच्या गावांसाठी

महाराष्ट्रात कृष्णाकाठचे वाईचे घाट, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, गोदावरीकाठचे नाशिक व पैठण ही स्थळे चित्रकारांच्या आवडीची आहेत. कलाशाळांचे विद्यार्थी तेथे बसून जलरंगात दृश्यचित्रे करतात. ही केवळ हात बसविण्याची कामगिरी समजली जाते. परंतु डॅनियलांचा अनुभव पाहता तिचे महत्त्व त्याहून मोठे आहे.

संरक्षित स्मारकांना १९५८ च्या केंद्रीय आणि १९६० च्या राज्य कायद्याचा आधार आहे. त्यांची मोजमापे व छायाचित्रे पुरातत्त्व खात्याकडे असतात. परंतु गावाचे रूप केवळ स्मारकांनी घडत नाही. कौलारू घरांची रांग, ओसरीचे खांब, देवडी, पार, पाण्याचा हौद, बाजाराकडे उतरणारी बोळ यांनी ते घडते. यांतील बहुतेक वास्तू कोणत्याही यादीत नसतात. वाटण्या होतात, दुरुस्तीचा खर्च परवडत नाही आणि दोनशे वर्षांचा वाडा चार दिवसांत उतरविला जातो. राहणाऱ्यांना पक्के व सोयीचे घर हवे असते, त्यांना दोष देता येणार नाही. प्रत्येक जुनी वास्तू टिकविणे शक्य नसले तरी ती पाडली जाण्यापूर्वी तिची नोंद करणे निश्चितच शक्य आहे.

आज प्रत्येकाच्या हाती छायाचित्र घेण्याचे साधन आहे. तरीही रेखाटनाचे काम संपलेले नाही. खांबाच्या उथाळ्यावर तुळई कशी बसली आहे, घाटाच्या पायऱ्या कोठे वळतात, हे रेखाटताना चित्रकाराला थांबून समजून घ्यावे लागते. झाडाने किंवा तारांनी झाकलेला भाग तो बाजूस जाऊन पाहतो आणि स्पष्ट करून दाखवितो. मात्र असे चित्र पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडावयाचे असेल तर त्याच्या मागे काही नोंदी हव्यात : गावाचे व जागेचे स्थानिक नाव, तारीख, चित्रकार कोठे बसला होता व कोणत्या दिशेस पाहत होता, आणि एखाद्या खांबाचे अथवा पायरीचे प्रत्यक्ष माप. रचनेसाठी काही वाढविले किंवा वगळले असेल तर तेही लिहावे. वास्तूविषयी माहिती देणाऱ्या गावकऱ्याने काय सांगितले, हेही दोन ओळींत टिपावे.

अशा चित्रांची एक प्रत गावच्या शाळेत, ग्रंथालयात किंवा नगरपरिषदेत राहिली तर तिचा उपयोग अनेकांना होईल. घाटाची दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याला मूळ रचना कळेल, शिक्षकाला गावाचा इतिहास शिकविताना साधन मिळेल आणि गाव सोडून गेलेल्यांना आपले घर पुन्हा पाहता येईल. डॅनियलांना एका गावी राहावयास थोडेच दिवस मिळत आणि ती भाषाही त्यांना परकी होती. येथील विद्यार्थ्याला गाव परिचित आहे, भाषा त्याची आहे आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा येऊन राहिलेली आळी पूर्ण करणेही त्याला शक्य आहे.